फायनलच्या दिवशीचं सारवण

न्हाई मनलं ना मालक, एकदा मनलं, आता किती डाव मनू? खळं सारवायला मी न्हाई येणार. कुरुंद्यात काय बायांचा तोटा पडला का — पद्माबाईला बलवा, तिच्या सुनेला बलवा — शेण काय चांगुणाच्याच हातानं लागतं? बसा, उभे काहून, आमची बाज काही चावत न्हाई. पाणी ठेवलंय तांब्यात. न्हाई? बरं, ऱ्हाऊ द्या. चार वर्सांत ह्या गल्लीत पाय पडला न्हाई तुमचा, आन् आज आले ते बास्केटबॉल घेऊन. परत टीम उभी करून राहिले मनता. वसमतचे येणार, हिंगोलीचे येणार, कळमनुरीच्या व्यापाऱ्यांनी पगारी पोरं धरलीत, आन् ह्या वक्ताला तुमचा धाकटा खेळणार. खेळू द्या की. मी काय आडवी पडले?

चांगुणाचं सारवण लई गुळगुळीत असतं मनता — मग त्या साली काहून न्हाई मनले? दुष्काळ सरला त्याच्या दुसऱ्या हिवाळ्याची गोष्ट, मला इसरायला सांगू नका. चार गावच्या व्यापाऱ्यांनी मिळून तुमी तो खेळ आणला, हळद निघेस्तोवर खळं रिकामंच असतंय मनून तिथंच दोन्ही आंगाला खांब रोवले, वर लोखंडी कडी बसवली. आन् उंच पोरगं पाहिजे मनून माझ्या जळबाला तुमच्याच वावरातून उचललं. व्हय, तुमीच उचललं, मी कुठं न्हाई मनते? सगळा हिवाळा त्याला पगार, बूट, दूध. बाकीचे पोरं त्याच्या तांब्यातून पाणी पिऊन राहिले — आमच्या पोराच्या तांब्यातून, मालक — मी खांबामागं उभी राहून बघायची आन् मला खरं वाटायचं न्हाई. वारंगा फाट्यावर गाडी थांबली तर हाटेलवाला त्याला नावानं हाक मारायचा. वसमतला हारवलं, कळमनुरीला हारवलं. राहिली व्हती ती हिंगोलीसंगट फायनल, आपल्याच खळ्यावर.

सारवण कवा करायचं ते मला शिकवावं लागत न्हवतं. मॅचच्या दोन दिस आधी करायचं, मंजी वाळून टणक व्हतं. फायनलचंबी तसंच केलतं मी. मग त्या दिवशी सकाळी कोण आलं माझ्या दारात? तुमी आले. परभणीहून मोठे साहेब येणार, धूळ दिसून राहिली, पुना एक हात फिरव. मी मनलं, मालक, थंडी हाय, मॅचपर्यंत वाळायचं न्हाई, पोरं पडतील. तुमी मनले, तुला खेळातलं काय कळतंय, सारव. सारवलं. तुमचं खळं, तुमचा सबुद, माझी काय बिशाद मोडायची? आन् माझ्या लेकरानं त्या कड्याकडं उडी घेतली — खाली आला आन् टाच सरकली. गुडघ्याचा आवाज मला खांबामागं ऐकू आला. तुमी साहेबांच्या शेजारून उठले आन् सगळ्या गावाच्या देखत मनले, "ह्या बाईला कोणी सांगितलं व्हतं सारवायला?" आज सांगा ना, कोणी सांगितलं व्हतं?

बराबर हाय, तवा मी तोंड उघडलं न्हाई. घरी पावणे येणार तसं सारवलं येडीनं, पोराचा पाय घालवला, असं लोक मनले. मनू द्या लोकांला. पण जळबानं दवाखान्यातून आल्यावर इचारलं, एकदाच — आये, काहून सारवलंस? आन् मी मनलं, साहेब येणार व्हते, मला वाटलं बरं दिसंल. तुमी त्याला जिनिंगवर राखणीला बसवणार व्हते, ते जाईल मनून खोटं बोलले का? तेबी असंल, भाकर कोणाला नको हाय. पण तेवढंच न्हाई — जाऊ द्या, तुमाला काहून सांगू मी. त्याच्यापाशी त्या हिवाळ्याबिगर काय राहिलंय? रोज रात्री जेवताना तेच. शेजारच्या खेमाला सांगतो, मला न्हाई, माझ्याशी तर कामापुरतं बोलतो. मनतो, मालकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवलता, सगळ्यांच्या देखत. हे सांगताना तोंड कसं व्हतं त्याचं, तुमी बघितलं न्हाई, मी चुलीपासून बघते. गावात आमच्या खांद्यावर कोण हात ठेवतंय? तो हातबी खोटा व्हता मनून मी माझ्या तोंडानं सांगू त्याला? मनून त्याचा राग मी माझ्यावर घेतला, आन् चार वर्सं झाली, घेऊनच बसले.

आता उद्घाटनाला त्याच्या हातानं नारळ फोडायचा मनता. आमी बौद्ध झालो, नारळ आमी फोडत न्हाई, तुमाला ठाव हाय. तरीबी फोडंल तो — तुमी मनले तर फोडंल. फोडा. पण आधी त्याला सांगा, तुझ्या आयीला सारवायला मी सांगितलतं. एवढंच. तुमच्या तोंडानं. मग मी उद्याच शेण कालवते, मजुरीबी नको मला. बसा, तो येतच असंल, जिनिंगचा भोंगा मघाच झाला. ऐका — काठी वाजून राहिली, हातपंपापाशी आलाय. बसा की. चप्पल कशाला घालून राहिले?

व्हय. मला ठावच व्हतं.

मागच्या बोळीनं जा, तिकून तो दिसणार न्हाई तुमाला. सारवायला दुसरी बाई बघा. त्यानं इचारलं कोण आलतं, तर सांगीन, वाटसरू व्हता, पाणी प्यायला थांबला. जा लवकर. ह्या तांब्यातलं पाणी मला वतून टाकू द्या आधी — भरलेला बघितला तर आमचं पाणी न पिता कोण गेलं ते त्याला कळंल.