एकतीस मीटर रुंद

जर्मनी महायुद्ध हरली ती केवळ एका युद्धनौकेच्या नकाशावाचून. तो नकाशा बायकोच्या पिशवीत, छत्रीशेजारी होता. निवृत्त ड्राफ्ट्समन डोळ्याच्या ऑपरेशनची वाट बघत होते. डोळ्यांत थेंब घालायला आलेली नर्स जरा थबकली.

“व्यापारी जहाजं बुडवायला अशी युद्धनौका हवी होती त्यांना. वीस वर्षं तिचा नकाशा काढतोय. आज उरलेली नजरही गेली, तर पुरा कोण करणार? शेवटचं माप तू लिही,” ते बायकोला म्हणाले.

“सांगा.”

“रुंदी एकतीस मीटर.”

“आणि जिथे बांधायची, त्या गोदीचं दार?”

“अठ्ठावीस.”

“अहो, तुम्ही आतल्या खोलीत बनवलेल्या कपाटाचंही असंच झालं होतं.”

“...मग सगळं पुन्हा काढावं लागेल.”

“आजोबा, वर बघा,” नर्स म्हणाली.

बायकोने एकतीसच लिहिलं.

कपाट अजून आतल्या खोलीतच आहे.