हुंगून सांगा, ताई

अहो, अशा दचकता काय, चड्डीच आहे, उंदीर नाही निघाला त्यातून! — काय? वास? एवढा? — हा हा, फसलात की नाही! मुद्दामच न धुतलेली दिली हातात, म्हटलं बघू या ताईंचं नाक जागेवर आहे का. हसा की जरा. सगळी गल्ली हसते या म्हाताऱ्या धोब्याच्या थट्टेला — हसते, मग शिव्या देते. द्या ती इकडे. तुमची धुतलेली म्हणजे ही, या ढिगातली — की त्या? — थांबा, ओढू नका, लोकर आहे ती, रागावली की आखडते, आमच्या सूनबाईसारखी.

जुन्या बाजारातून घेतल्यात म्हणालात ना, कुणाकुणाच्या बाळांनी लंगोटावर घातलेल्या? मग मुताचा वास असा सहज जाईल होय! गरम पाण्यात घातल्या असत्यात तर वास तसाच राहिला असता आणि चड्डी बाहुलीला झाली असती. लोकरीला गार पाणी, त्यात जरासं व्हिनेगर, भिजू द्यायचं निवांत, मग खळखळून खंगाळायचं — पिळायचं नाही, टॉवेलात गुंडाळून दाबायचं, सावलीत आडवं वाळवायचं — आणि शेवटी लोकरीचं मेण पाण्यात विरघळवून पाजायचं तिला, म्हणजे ओल बाहेर येत नाही. आणि परीक्षा? सुकी चड्डी साळसूद असते हो, काही बोलत नाही. ओली करून मुठीत ऊब द्यायची अन् नाकाशी धरायची — सगळी जुनी बाळं हजर! धरा बघू ही तशी. हुंगा. — मी? मी कशाला, बाळ तुमचं, नाक तुमचं. आमच्याकडे गिऱ्हाइकानंच हुंगायचं, पद्धतच आहे. — कधीपासून म्हणजे? असेल… तो ताप येऊन गेला ना मला, तेव्हापासून.

डोळ्यांत पाणी का आलं? — व्हिनेगर? नुसतं व्हिनेगर? — खंगाळलंय की मी. खंगाळलं असेल. पुन्हा पुन्हा भिजवली ती, कारण… कारण नीट व्हावी म्हणून. ही थट्टा नव्हती — म्हणजे थट्टाच होती! बघताय काय अशा?

बरं, हळू बोला, आत भोपळी झोपलीये. नात हो माझी, गाल बघाल तर नाव पटेल. लेक परगावी असतो, सूनबाई समोर शिवणाच्या दुकानात जाते, तोवर पोर माझ्याकडे. पूर्वी तिच्या टाळूला दुधाचा वास यायचा, जरा आंबूस — आता नुसतं ऊन ऊन टक्कल. लंगोट ओला झाला तर हाताला कळतं, ते जमतं मला. त्याची नाही भीती. — मी कुठं भीती म्हणालो? फार कान टवकारता बुवा तुम्ही.

परवा काय झालं — ऐका, पण कुणाला सांगू नका — मेणासाठी पाणी ठेवलं गॅसवर, ते उतू गेलं, ज्योत विझली. आणि मी तिथंच, भोपळीला मांडीवर घेऊन गाणं म्हणतोय. मजेत! चष्मा विसरला म्हणून सूनबाई परत आली ती दारातूनच किंचाळली. खिडक्या उघडल्या, पोर हिसकावली, म्हणाली, बाबा, वास येत नाही का तुम्हाला? — आणि मी हसलो, ताई. म्हटलं, फसलीस! तिला पटलं हो. पटणारच, तिच्या लग्नात नवऱ्या मुलाच्या सदऱ्याच्या बाह्या शिवून टाकल्या होत्या मी! पोरीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली, पुन्हा असली थट्टा नाही. घेतली. काय सोपी शपथ! थट्टा नव्हतीच ती.

तेव्हापासून पाचावर धारण बसलीये. उठतो, गॅसचं बटण चाचपतो, बसतो, पुन्हा उठतो — बंद आहे ना, बंद आहे ना. दूध नासलं तर? वायर जळली तर? पोर थोडीच सांगणार आहे, आजोबा, जळतंय. घरात दोन माणसं, एकाला वास नाही, दुसरीला वाचा नाही!

आत्ता येतोय का काही? खरं सांगा. हसू नका — नाही हसलात? — सुनेला सांगू? सांगितलं की काल. म्हटलं, मला वास येत नाही गं. तर डोळे वटारून म्हणाली, बाबा, शपथ मोडताय! — आता कोणत्या तोंडानं सांगू?

तुम्ही सांगा. तुमचं ऐकेल ती. रस्ता ओलांडून समोर, खिडकीपाशी मशीनवर बसलेली. मघाशी काय हातात दिलं मी तुमच्या, ते सांगा. म्हणावं, पोरीला घेऊन जा — नाही, म्हणावं… म्हणा तेच. चड्ड्या ठेवा खाली. माझ्या तोंडाकडे बघू नका, तेवढ्यात मी हसेन आणि सगळं वाटोळं होईल. जा. जा म्हणतो ना!