केरबाच्या अंगणातली मनाई

मंडळी, ऐका. आज एकच प्रश्न विचारतो. दुसऱ्याचं म्हणणं न ऐकता त्याला दोषी ठरवायला माणसाला किती वेळ लागतो? कोर्टाला लागतो हो, पण आपल्याला? अहो, चहा गाळेपर्यंत निकाल तयार!

तर एका गावात केरबा लोंढे आणि त्याचा चुलतभाऊ शिदू. घरं दोन, अंगण सामाईक. वर्षभर अबोला! कारण काय, तर पेरूच्या झाडावरून भांडण झालं आणि शिदू तावातावानं म्हणाला, "या अंगणात गोठाच घालतो बघ एकदा."

बोलून गेला बिचारा, पण केरबानं ते मनात जपून ठेवलं. आपण देवाचं नाव विसरतो, पण हे? हे नाही विसरत! आणि एका सकाळी बघतो तर काय, शिदूच्या ओट्यापाशी नवेकोरे खांब. केरबाला तो गोठा आठवला. पोरीचं, वैजूचं, लग्न तोंडावर, आणि हा दारात म्हशी बांधणार?

विचारावं की नाही? छे, विचारलं तर अबोला मोडेल ना! केरबा थेट तालुक्याला, वकिलाकडे. "तूर्तातूर्त मनाई पायजे, दाव्याचा निकाल लागंस्तवर शिदूनं अंगणाला हात लावता कामा नये."

आता जज्जबाई काही उगाच मनाई देत नाहीत, मंडळी. त्या तीन गोष्टी बघतात. दाव्यात वरवर पाहता तथ्य दिसतं का? मनाई दिली किंवा नाही दिली, तर जास्त अडचण कुणाची? आणि होणारं नुकसान पुढे भरून निघेल का? केरबानं शपथेवर सांगितलं, "बाईसाहेब, अंगणात एक खुंटी जरी ठोकली, तरी माझं भरून न निघणारं नुकसान हुईल."

लग्नाचं मात्र बोलला नाही. राग आला की माणूस तेवढंच बोलतो, जेवढं त्याच्या फायद्याचं!

काम तातडीचं, म्हणून बाईंनी एकतर्फी हुकूम दिला. पण लगेच शिदूला नोटीसही काढली, की ये आणि तुझं म्हणणं सांग. तोवर अंगण जैसे थे. दोघांपैकी कुणीही खणायचं नाही, खांब रोवायचा नाही, छप्पर घालायचं नाही.

केरबा पेढे घेऊन घरी आला. बायकोनं, तानूबाईनं, पेढा हातात घेतला आणि विचारलं, "आवं, मग आपली मुहूर्तमेढ कुठं रोवायची?"

मृदंगबुवा, हसू नका. केरबाचा पेढा घशातच अडकला!

मांडवाचा पहिला खांब म्हणजे मुहूर्तमेढ. ती रोवल्याशिवाय मांडव नाही, आणि दारी मांडव नाही तर वैजूची पाठवणी कुठून? केरबानं युक्ती काढली, मेढ पत्र्याच्या पिंपात उभी करायची. खणायचं नाही, रोवायचं नाही! पिंप आडवं झालं, मेढ शेणात पडली. समोर ओट्यावर शिदू नुसता खाकरला.

केरबा पुन्हा वकिलाकडे. वकील म्हणाले, "खुंटीसुद्धा नको, हे तुम्हीच शपथेवर सांगितलंय. आता शिदूची संमती आणा, कोर्टाला विनंती करू."

दहा पावलांचं अंगण, पण केरबाला ते ओलांडवेना. शेवटी वैजूचं उतरलेलं तोंड आठवलं आणि तो गेला. "शिदू, मांडवापुरती संमती दे. तुझा गोठा मग बघू."

"कसला गोठा?" शिदू म्हणाला.

"हे खांब?"

"दादा, हे वैजूच्या मांडवाचं खांब हाईत." शिदूनं एका खांबावर हात ठेवला. "आपल्या घरात मेढीचा खड्डा चुलता काढतो. म्हटलं, आज ना उद्या बोलावशील, तयारी असावी. तर बोलावणं आलं कोर्टाचं. मग हुकूम कसा मोडू? पहार घासून ठेवलीय, ती बघ."

केरबाला भूमी पोटात घेईल तर बरं असं झालं. त्यानं पोरीच्याच मांडवावर मनाई आणली होती!

दोघं मिळून कोर्टात गेले. बाईंनी सगळं ऐकून घेतलं, दावा मागे घेऊ दिला आणि म्हणाल्या, "हे अंगणात विचारलं असतं तर?" घरी येताच केरबानं स्वतः पहार उचलून शिदूच्या हातात दिली. शिदूनं खड्डा काढला, मेढ रोवली आणि वैजू त्याच मांडवातून सासरी गेली.

मंडळी, कोर्ट एकतर्फी हुकूम देतं, पण समोरच्याला नोटीस धाडतं. आपण? भावावर, सुनेवर, शेजाऱ्यावर मनातल्या मनात मनाई बसवतो आणि नोटीसही देत नाही. त्याला कळतच नाही, त्याचा गुन्हा काय! आज घरी जाताना ते दार आठवा. मी नाव घेत नाही, तुम्हाला ठाऊक आहे. उद्या त्या दारी जा आणि एवढंच विचारा, "बाबा, खांब कशाला आणलेस?"

आता टाळ उचला. आणि शेजारी जो बसलाय, तो कोण आहे ते न बघता त्याच्या तालात ताल मिळवा.