शेवंताचं लुगडं

ब्याण्णवचा उन्हाळा. इस्लामपूरच्या स्टँडवर आटपाडीची गाडी अजून लागली नव्हती. तिची वाट बघत बसलेल्या मयूरीच्या मागच्या बाकावर एक मेंढपाळ मांडीवर लुगड्याचं बोचकं घेऊन बसला होता, शेजारी त्याची थोरली बहीण.

"नानासो, हे तुझ्या बायकूचं लुगडं न्हवं? शेवंता जाऊन वरीस झालं की रं."

"व्हय आक्का. मी नेसतो ते."

"काय?"

"ती गेल्यावर मेंढरं माझ्या हाळीला जाग्यावरनं हालंनात. हे नेसलो, तवा उठली."

"माणसं हसत असतील."

"आदी हसली. आता त्यांचीबी मेंढरं माझ्याच संगं येत्यात. मेंढरं थांबत्यात तिथं उकरलं की पाणी लागतंय."

"पाणी शेवंताला कळायचं. पंचांच्या भर बैठकीत ती सांगाया उठली, तर तूच तिला खाली बसवलीस."

"बसवली, आक्का. मीच बसवली."

"आन आता मेंढरांना कळतंय व्हय?"

"परवा मी तापानं पडलो. लुगडं दांडीवर हुतं. भर दुपारी मेंढरं आपली आपण उठली, एका रांगंनं माळावर गेली. कुणाच्या तरी मागनं चालल्यागत. दिवस कलताना पाणी पिऊन आली."

"आन लुगडं?"

"दांडीवरच हुतं. काठ तेवढं चिखलानं भरल्यालं. अजून वाळलं न्हाई बघ."

मयूरीनं मागं वळून पाहिलं. बोचक्याखाली फरशी ओली झाली होती.

"मग आता कुठं घिऊन चाललास?"

"गावाला. पाण्याची बैठक हाय. पंचांनी बोलावणं धाडलंय."

"तुला?"

"मला न्हाई, आक्का. तिला."