घरचं पत्र

(१९२२. आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची सकाळ. पिंपळनेरजवळच्या एका खेड्यातलं घर, ओसरीवर पितरांच्या पाण्यासाठी दोन नव्या घागरी, एक भरलेली, एक अजून कोरी. आत चुलीपाशी झुलालची माय भिकुबाई.)

ताईबाई : ...तर मगन गुर्जी म्हणे, "ताईबाई, हा तर परीक्षेचा कागद शे. तुझा मालक फ्रेंच भाषा पास झाला, तेबी मागच्या साली." मागच्या साली! अन् तुम्ही माले फाल्गुनात बी सांगत होते, अजून शिकणं चालू शे.

झुलाल : तू माझी ट्रंक उघडलीस?

ताईबाई : ढेकूण झाले होते. उन्हात टाकली. तुम्ही विषय बदलू नका. पास झाले का नही?

झुलाल : झालो.

ताईबाई : मंग ते फ्रेंचमधलं पत्र वाचता येतं तुम्हले.

झुलाल : अगं, पास होणं वेगळं. परीक्षेत छापलेलं सोपं येतं. हे हातानं लिहिलेलं. त्या जोगिणीचं अक्षर इतकं बारीक की...

ताईबाई : कोणती जोगीण? तीन सालं ते पत्र देव्हाऱ्याच्या फळीवर पडलेलं शे. ते कोणी लिहिलं, बाईनं का बुवानं, हे ह्या घरात कोणाले माहीत नही. तुम्हले कसं माहीत?

झुलाल : हळू बोल. पोर झोपलंय.

ताईबाई : पोर झोपू दे नही तर उठू दे. ह्या दोन घागरी पाहा. एक तुमच्या आबांची, ते गेल्यावरची ही पहिली आखाजी. दुसरी तुमच्या भावाची, माझ्या पहिल्या मालकाची. तीन सालं मी ह्या हातांनी भरली. वर खरबूज ठेवलं, सांजोऱ्या ठेवल्या, "पाणी प्या" म्हणून हात जोडले. आज माले आधी सांगा. मेलेल्या माणसाची भरते का जित्या?

झुलाल : सरकारचा कागद आला होता ना, ताई? पलटणीच्या खेचरांवरचा माणूस, फ्रान्सच्या लढाईत बेपत्ता, मेला असं समजावं. आबांनी पंचांसमोर वाचून घेतला.

ताईबाई : तो कागद इंग्रजी होता, तो वाचायले माणूस भेटला. अन् हे पत्र दिवाळीले आलं तं वाचायले माणूस नही. गुर्जी तेव्हाच म्हणत होते, मुंबईले पाठवा, कोणी बी वाचून दील.

झुलाल : तुला माहीत आहे आबांनी का नाही पाठवलं. त्यांना वाटलं, दादानं तिकडं बाई ठेवली असेल, नाही तर धर्म बुडवला असेल. "घरचं झाकलेलं घरच्यानंच उघडावं. झुलाल मुंबईत आहे, तो ती भाषा शिकेल आणि तोच वाचील." परक्याच्या तोंडून घरची अब्रू ऐकायची नव्हती त्यांना.

ताईबाई : अन् तुम्ही शिकेपर्यंत थांबायचं बी नव्हतं. दिवाळीले पत्र आलं, फाल्गुनात माझा तुमच्यासंगे पाट लावून मोकळे झाले. चार महिने! चार महिन्यांत तं कापूस बी येत नही.

झुलाल : मी आबांना म्हटलं होतं, थांबू या.

ताईबाई : म्हटलं होतं. मोठ्यानं म्हटलं होतं का?

झुलाल : नाही.

ताईबाई : मंग आते तरी मोठ्यानं बोला. काय लिहिलेलं शे?

झुलाल : ऐकशील तर पस्तावशील.

ताईबाई : पस्तावायचं माझं मी पाहीन.

झुलाल : बस इथं. ...मंगळवार-शुक्रवार वर्ग असायचा. विद्यापीठानं नोकरीवाल्यांसाठी काढलेला, सहा ते साडेसात. कापसाच्या ऑफिसातून सुटलो की मी चालत जायचो. सगळे पारशी वकील, दोन मडमा, आणि मागच्या बाकावर मी, धोतर-टोपीतला. मास्तर पाँडेचरीकडचे म्हातारे. सहा महिने नुसतं "ही खिडकी, तो दरवाजा". माझी जीभ वळायची नाही. मी वाचायला उभा राहिलो की मडमा तोंडाला रुमाल लावायच्या.

ताईबाई : मी वर्गाचं नही विचारलं.

झुलाल : तेच सांगतोय. पत्राची नक्कल माझ्या खिशात असायची. वाचनालयात मोठा कोश होता, त्यात रोज एक शब्द काढायचो. सगळ्यात आधी कळला तो शब्द म्हणजे "आंधळा".

ताईबाई : कोण आंधळा?

झुलाल : दादा.

ताईबाई : माय वं!

झुलाल : त्या दिवशी मी कोश मिटला आणि आठ दिवस तिकडं फिरकलो नाही. वाटलं, आपण चुकीचं पान काढलं. मग परत गेलो. शब्द तोच होता. दिवाळीपर्यंत अख्खं पत्र लागलं. तिकडच्या एका गावात ख्रिस्ती जोगिणींचा दवाखाना आहे. गोळा फुटून दादाचे दोन्ही डोळे गेले. गळ्यातला बिल्ला हरवलेला, म्हणून इंग्रज म्हणाले, ह्या नावाचा माणूस आमच्या यादीत मेलेला आहे, आम्ही ह्याला नेत नाही. जोगिणींना त्याच्या कोटाच्या शिवणीत पत्ता सापडला. मीच लिहून दिला होता निघताना, इंग्रजीत. म्हणून त्यांनी लिहिलं.

ताईबाई : काय लिहिलं? बठ्ठं सांगा.

झुलाल : "हा माणूस दिवसभर 'झुलाल, झुलाल' असं म्हणतो. हे त्याच्या मुलाचं नाव आहे का? हा आमचा माणूस आहे एवढं तुम्ही लिहून पाठवा. ते दाखवून आम्ही त्याला बोटीवर बसवू."

ताईबाई : एवढंच? आपला शे, एवढं लिहायचं होतं?

झुलाल : एवढंच.

ताईबाई : अन् आपण तीन सालं घागर भरत बसलो. अरे देवा. जित्या माणसाले पाणी पाजत बसलो. ...तुम्ही लिहिलं ना? दिवाळीले कळलं तुम्हले, लिहिलं ना मंग?

झुलाल : लिहिलं.

ताईबाई : काय?

झुलाल : ताई, तेव्हा पाटाला आठ महिने झाले होते. तुला दिवस गेले होते. मी दिवाळीला आलो तर तू ह्याच ओसरीवर चिंच खात बसली होतीस अन् मला पाहून हसलीस. पहिल्यांदा हसलीस. त्याआधी आठ महिने तू माझ्याकडं मान वर करून पाहिलं नव्हतंस.

ताईबाई : माझं हसणं मधी आणू नका. काय लिहिलं?

झुलाल : वर्गाच्या पुस्तकात पत्रांचे नमुने होते. एक दुखवट्याचा होता, "कळविण्यास अत्यंत खेद होतो की". तोच घेतला. लिहिलं, आमचा माणूस लढाईत मेला, सरकारचा कागद आमच्याजवळ आहे. तुमच्याकडचा कोणी दुसरा असावा. त्याला आम्ही ओळखत नाही. चुका राहू नयेत म्हणून निबंध म्हणून मास्तरांना दाखवलं. त्यांनी लाल शाईनं दोन चुका काढल्या. म्हणाले, पत्र छान जमलंय.

ताईबाई : तेव्हा परका चालला? सख्ख्या भावाले मारायचं होतं, तेव्हा परक्याले दाखवलं?

झुलाल : मार मला. घे ती चप्पल अन् मार.

ताईबाई : तुम्हले मारून काय होईल? तुम्ही सुटाल. ट्रंकेत तसल्याच तिकिटाचं दुसरं पाकीट शे. त्यात काय शे?

झुलाल : त्यांचं उत्तर. गेल्या साली शिमग्याच्या सुमारास आलं.

ताईबाई : वाचा.

झुलाल : मला पाठ आहे. "तुमचं पत्र आम्ही त्याला वाचून दाखवलं." तिथं राहून त्याला त्यांचं बोलणं थोडं कळायला लागलंय. मला मास्तर लावून आलं, त्याला अंधारात ऐकून ऐकून आलं. "त्यानं ते दोनदा वाचायला लावलं. मग तो हसला. म्हणाला, हे पत्र माझ्या घरचं नाही. पत्ता चुकून दुसरीकडं गेलं. माझ्या घरात फ्रेंच कोणाला येतं? माझ्या घरचं आलं की मला कळेल."

ताईबाई : हसले?

झुलाल : असं लिहिलंय. "तो वाट पाहतो आहे. चुलीपाशी बसून टोपल्या विणतो. त्याला ताप येत असतो."

ताईबाई : अन् त्याच्यावर तुम्ही काहीच लिहिलं नही. साल उलटलं.

झुलाल : काय लिहू? पोर झालं, आबा गेले. रोज ठरवायचो, उद्या. आता तो असेल, नसेल, कोणाला माहीत.

भिकुबाई : काय चालनं शे रे तुम्हनं? ऊन वर उनं. भाऊबंद दारशी येतील आते. अन् हाई काय, एकच घागर भरी? मन्हा मोठा पोरनी, वनानी, कोरीच?

ताईबाई : आत्याबाई, त्यांची भरायची नही.

भिकुबाई : काबरं?

झुलाल : माय, तू आत जा.

ताईबाई : आत कशाले? त्यांनी पोटात वाढवलेलं शे. आत्याबाई, तुमचा मोठा पोर जित्ता शे. निदान गेल्या सालच्या शिमग्यापावतर होता. त्या पत्रात हेच होतं. डोळे गेलेत त्यांचे.

भिकुबाई : ...दोन्ही?

झुलाल : दोन्ही, माय.

भिकुबाई : त्याले खावाले कोन देस?

झुलाल : दवाखान्यातल्या जोगिणी देतात. पाव, दूध. चूल आहे, गरम कपडे आहेत.

भिकुबाई : मारतस नही ना?

झुलाल : नाही गं. जीव लावतात.

भिकुबाई : मंग ऱ्हाऊ दे तठेच.

ताईबाई : आत्याबाई!

भिकुबाई : मले नको सांगू. त्याले दिसत नही, पन गावले दिसस. तो उना तं तू कोना घर ऱ्हाशी? हाई पोर कोनं म्हनतील? झुलाल फाशी घेई, मले माहीत शे ना तो कसा शे. एक आनू तं दुसरा जाई. मन्हा पोटना दोन्ही शेत. मी काय ऐकं नही. आज मी काहीच ऐकं नही.

ताईबाई : तुम्ही आई शेत ना त्यांची?

भिकुबाई : आई शे म्हनीसन तं सांगस. आन ती घागर अठे. तुन्हा हात चालत नही तं मी भरस.

झुलाल : माय, थांब. माय!

ताईबाई : जाऊ द्या त्यांना. त्या भरतील अन् रडतील. तीन सालं तेच केलं त्यांनी. ...कागद काढा.

झुलाल : कशाला?

ताईबाई : कागद काढा. मी सांगते, तुम्ही लिहा. आज टपाल जातं ना पिंपळनेरहून?

झुलाल : ताई, तो फ्रेंच पत्रावर विश्वास ठेवणार नाही. त्यानं सांगितलंच आहे, माझ्या घरात कोणाला येत नाही.

ताईबाई : मंग आपल्या बोलीत लिहा.

झुलाल : ते त्या जोगिणी वाचणार कशा? त्यांना आपलं अक्षर येत नाही अन् दादाला दिसत नाही.

ताईबाई : अक्षर त्यांचं घाला, बोल आपले घाला. तुम्ही एवढे पास झाले, एवढं येत नही? मी जे बोलते ते त्यांच्या अक्षरात मांडा. ती बाई तिच्या तोंडानं वाचील, तिले काही कळणार नही. ज्याले कळायचं त्याले कळेल.

झुलाल : ...येईल. असं कधी डोक्यात आलं नाही माझ्या.

ताईबाई : तुमच्या डोक्यात आणायचंच नव्हतं. लिहा. "हाई घरनं पत्र शे."

झुलाल : पुढं?

ताईबाई : "आपल्या हळदीच्या दिवशी पोट दुखतं म्हणून तुम्ही दोस्त मानसिंगसंगे पिंपळनेरले कुस्त्या पाहायले पळाले होते. ते माले तुम्हीच सांगितलं. मी अजून कोणाले सांगितलं नही."

झुलाल : खरं की काय? आम्ही तर वैद्य आणला होता.

ताईबाई : तुम्ही लिहा. "मागचं पत्र खोटं होतं. तुम्ही आमचे शेत. बोटीवर बसा. आबा गेले. तुमच्या मागं माझा पाट लावला. एक पोर शे, दहा महिन्याचं. हे बठ्ठं ऐकून यायचं तं या. नही यायचं तं कोणाच्या हातून तसं कळवा, म्हणजे मी वाट पाहणार नही."

झुलाल : पाटाचं लिहायचं? इतकं उघड?

ताईबाई : झाकून काय झालं ते पाहिलं ना? अन् खाली त्या जोगिणीले तुमच्या फ्रेंचमधी लिहा, हा आमचा माणूस शे, ह्याले बोटीवर बसवा.

झुलाल : लिहितो. ...आणि हे आलं, दादा आला, तर मग मी कुठं जायचं, ताई?

ताईबाई : तुमची मुंबई शे.

झुलाल : पोर?

ताईबाई : पोर माझ्याजवळ. भेटायले या. आखाजीले, दिवाळीले. घरच्यासारखे या.

झुलाल : घरच्यासारखा. ...जोगिणीला लिहिलेल्या मजकुराखाली सही लागते. लिहिणारा त्याचा कोण, तुझा कोण, तेही घालावं लागेल. काय घालू?

ताईबाई : पोर उठलं वाटतं. टपालाची वेळ होईल, लवकर आटपा, भावजी.