नंबर चालू राहील

भावजी : वहिनी, त्या चादरी खाली ठेवा आणि आधी इकडे या.

वहिनी : अहो, सात नंबरची खोली आत्ता रिकामी होतेय. नवे पाहुणे दारात येऊन उभे राहतील. काय झालं? तोंड का असं उतरलंय? परत नळ गळायला लागला?

भावजी : नळ असता तर देव पावला म्हटलं असतं. सात नंबरच्या आजोबांचं सिम.

वहिनी : हरवलंत? भावजी, नखाएवढी वस्तू ती! शंभरदा सांगितलंय, पाहुण्याचं सिम काढलं की पाकिटात घाला, खोलीचा नंबर घाला, आणि चावीच्या खणात ठेवा.

भावजी : हरवलं नाही. हे बघा, इथे आहे. पण पाकिटावर माझाच चहा सांडला, नंबर पुसला गेला. चार नंबरच्या बाईंचं की आजोबांचं, कळेना. म्हटलं आपल्या या काउंटरच्या जुन्या फोनमध्ये घालून बघू, कुठल्या देशाचं आहे ते तरी समजेल.

वहिनी : बरं केलंत. मग?

भावजी : घातलं आणि फोन वाजायलाच लागला. टिंग, टिंग, टिंग. थांबेचना. एकाच नंबरवरून फोन येऊन गेल्याचे निरोप. शनिवारी एकदा, रविवारी तीनदा, सोमवारी पुन्हा. आणि शेवटी एक मेसेज.

वहिनी : कोणाचा?

भावजी : ‘बाबा’ म्हणून सुरुवात आहे त्याची.

वहिनी : मुलाचा?

भावजी : मुलाचा.

वहिनी : अगं बाई.

भावजी : रोज विचारायचे हो ते मला. सकाळी फिरायला जाताना चावी ठेवायचे आणि तो त्यांचा फोन माझ्या तोंडासमोर धरायचे. त्यांचं बोलणं आपल्या भाषेत करून फोन म्हणायचा, ‘आज माझ्यासाठी काही?’ आणि मी हसून मान हलवायचो. संध्याकाळी परत तेच. इकडे त्यांचं सिम माझ्याच पाठीमागच्या खणात, आणि मी त्यांना सांगतोय, नाही आजोबा, कोणी फोन केला नाही. कसा येणार होता फोन? खणात वाजणार होता?

वहिनी : हळू बोला. जिन्यात आवाज जातो.

भावजी : त्यांचा फोन जुना, सिमची जागा एकच. आपण भाड्यानं देतो ते सिम घातलं की त्यांचं बाहेर, म्हणजे नंबर बंद. हे त्यांना सांगायला काय झालं होतं आपल्याला?

वहिनी : सांगितलं असतं तर घेतलं असतं का त्यांनी? आपल्या या भिंती किल्ल्यासारख्या, वायफाय पहिल्या मजल्यावर पोचेपर्यंत जीव टाकतं. परदेशी माणूस आला की आधी इंटरनेट विचारतो, मग उशी. ही सिमं द्यायला लागलो म्हणून मागचा सगळा रिकामा हंगाम निभावला. तेव्हा तुम्हीच म्हणालात ना, ‘वहिनी, डोकं आहे तुम्हाला’?

भावजी : म्हणालो. पण त्यांचं सिम ठेवून घ्यायचा नियम तुमचा.

वहिनी : मग काय आपलं सिम घेऊन पसार होऊ द्यायचं लोकांना? गहाण म्हणून ठेवतो आपण ते.

भावजी : आणि ते वाक्यही तुमचंच. पाठ करून घेतलंत माझ्याकडून. ‘तुमचा नंबर चालू राहील. घरून फोन आला की आम्हाला इथे काउंटरवर कळतं.’ म्हणे, एवढं म्हटलं की कोणी मागेपुढे बघत नाही.

वहिनी : आजवर कोणाचं काही बिघडलं त्यानं? सगळे ते मेसेजवरच बोलतात, इंटरनेटवरून. नंबरवर फोन करतं कोण हल्ली?

भावजी : ज्याच्याकडे दुसरं काहीच नाही, तो करतो.

वहिनी : मला एक सांगा. हे निरोप आता आपल्या फोनवर आले. त्यांच्या फोनमध्ये सिम घातलं तर परत येतील का?

भावजी : नाही. एकदा आले की आले. आता ते या फोनमध्येच राहणार.

वहिनी : म्हणजे आपण बोललो नाही, तर त्यांना कधीच कळणार नाही.

भावजी : कधीच नाही.

वहिनी : कोणालाच कळणार नाही.

भावजी : वहिनी, असं बघू नका माझ्याकडे.

वहिनी : मी फक्त विचार करतेय. झाकली मूठ सव्वा लाखाची. हे लोक जाऊन इंटरनेटवर लिहितात, भावजी. इथे खोटं बोलतात, इथे फसवतात, असं एकदा कोणी लिहिलं की संपलं. तुमच्या दादांनी आत्ताच गच्चीचं काम काढलंय. आणि मुलगा काय, आज ना उद्या परत करेलच की फोन. आपण सिम देऊन टाकू, म्हणजे लागेल त्याचा.

भावजी : नाही करणार.

वहिनी : तुम्हाला काय माहीत?

भावजी : मेसेज वाचलाय मी. फोनमध्ये टाकून आपल्या भाषेत करून घेतला. ऐका. ‘बाबा, मी शनिवारी घरी आलो होतो. दाराला कुलूप आहे. मी दोन दिवस येऊन बसलो. शेजारी नवीन आहेत, त्यांना काही माहीत नाही. तुमचा फोन बंद आहे. तुम्ही नंबर बदलला असेल तर मी समजू शकतो. मी आईच्या वेळी बोललो ते बोलायला नको होतं, एवढंच सांगायचं होतं. आता पुन्हा त्रास देणार नाही.’

वहिनी : कुलूप?

भावजी : आजोबा इथे होते ना. आपल्याकडे.

वहिनी : पुन्हा वाचा. शेवटचं.

भावजी : ‘आता पुन्हा त्रास देणार नाही.’

वहिनी : थांबा. बसू द्या मला जरा.

भावजी : पाणी देऊ?

वहिनी : नको. भावजी, त्या मुलाबद्दल आजोबांनी मला कधी सांगितलं, माहीत आहे? रविवारी. मी चादर बदलायला गेले होते. त्यांनी दुसऱ्या बाजूनं टोक धरलं, मी नको नको म्हणत होते तरी. मग फोन पुढे धरून सांगत बसले. बायकोला हा समुद्र बघायचा होता, राहून गेलं, म्हणून एकटेच आले. ती गेली त्या दिवशी बापलेकांचं भांडण झालं आणि पोरगा निघून गेला तो गेलाच. त्याचा ठावठिकाणा यांना माहीत नाही. त्याच्याकडे मात्र यांचा हा एक नंबर आहे. म्हणून ना फोन बदलला, ना कंपनी बदलली.

भावजी : रविवारी? म्हणजे तो तीनदा फोन करत होता तेव्हा?

वहिनी : तेव्हाच असेल. मी खाली आले. खण उघडला. पाकीट हातात घेतलं. म्हटलं, वर नेऊन द्यावं.

भावजी : मग?

वहिनी : मग वाटलं, काय सांगू? आम्ही खोटं बोललो म्हणून? इतक्या वर्षांत आला नाही फोन, तो काय याच आठवड्यात येणार आहे? आणि ठेवलं परत. ते मुलाच्या फोनची वाट बघतायत हे ठाऊक नसताना तुम्ही मान हलवत होतात, भावजी. मला सगळं कळलं होतं. तुमच्या वाक्याचं पाप माझं, आणि सिम परत खणात ठेवलं ते तर निव्वळ माझं.

भावजी : वहिनी, ते उतरतायत. बॅगेचा आवाज येतोय. मी सांगू का? म्हणतो, नेटवर्कची गडबड झाली, आत्ताच निरोप आले—

वहिनी : म्हणजे आणखी एक वाक्य पाठ करायचं? नको. मी सांगते. तुम्ही फक्त इथे थांबा.

(आजोबा स्वतःच्या भाषेत बोलतात. ऐकू येतात ते त्यांच्या हातातल्या फोनने केलेल्या भाषांतराचे शब्द.)

आजोबा : शुभ सकाळ. खोली अतिशय स्वच्छ होती. मी निघण्यास तयार आहे. आज माझ्यासाठी काही?

वहिनी : आजोबा, बसा ना. म्हणजे काय झालं, आमच्या हातून जरा इकडचं तिकडे झालं. मनात काही नव्हतं हो आमच्या, पण धंदा म्हटला की चार गोष्टी पुढेमागे होतात, आणि त्यात ते सिमचं आपलं—

आजोबा : क्षमा करा. मला समजले नाही. आपण वस्तू इकडून तिकडे नेणार आहात काय?

भावजी : फोनला असलं कळत नाही, वहिनी. सरळ बोलावं लागेल.

वहिनी : सरळ. हो. आजोबा, मी खोटं बोलले.

आजोबा : कृपया थोडे मोठ्याने.

वहिनी : मी खोटं बोलले. तुमचा नंबर चालू नव्हता. तुमचं सिम आमच्या खणात बंद होतं. फोन आला तरी आम्हाला कळलंच नसतं.

आजोबा : परंतु मी रोज विचारत होतो.

वहिनी : हो.

आजोबा : हे गृहस्थ नाही म्हणत होते.

वहिनी : तुम्ही मुलाच्या फोनची वाट बघताय हे त्यांना माहीत नव्हतं. मला माहीत होतं. रविवारी तुम्ही मुलाचं सांगितलंत, तेव्हा सिम परत द्यायला हवं होतं. मी दिलं नाही. त्याचे फोन आले होते. शनिवारी, रविवारी, सोमवारी. हा घ्या त्याचा मेसेज. तुमच्या भाषेतलाच आहे. वाचा.

भावजी : वहिनी, त्यांना चष्मा लागतो. खिशात आहे, आजोबा. वरच्या खिशात.

वहिनी : वाचतायत ते. राहू द्या.

भावजी : किती वेळ वाचतायत.

आजोबा : तो घरी आला होता.

वहिनी : हो.

आजोबा : तो दोन दिवस दारात बसला होता.

वहिनी : हो. आजोबा, मला काहीही बोला. लिहा आमच्याबद्दल, जिथे लिहायचं तिथे लिहा. मी पाया पडते तुमच्या.

आजोबा : कृपया उठा. मला एक गोष्ट सांगायची आहे. मी ठरवले होते की घरी पोचल्यावर हा नंबर बंद करीन. इथे समुद्रासमोर बसून ठरवले. मी पत्नीलाही मनातल्या मनात तसे सांगितले. म्हटले, आता पुरे, त्याला बाप नको आहे.

भावजी : अरे देवा.

आजोबा : आता माझे सिम घाला.

वहिनी : घाला, भावजी. लवकर.

भावजी : सिम काढायची पिन कुठे गेली? ही घ्या. फोन द्या, आजोबा.

आजोबा : एक क्षण. तुमचे सिम काढल्यावर हा फोन तुमच्याशी बोलू शकणार नाही. बरोबर?

भावजी : बरोबर. इंटरनेट जाईल. मी आमचा दुसरा फोन आणू का?

आजोबा : नको. मला तुमच्याशी आणखी काही बोलायचे नाही.

वहिनी : द्या त्यांना, भावजी. मध्ये बोलू नका.

भावजी : झालं. घातलं. कांड्या आल्या बघा, नेटवर्क आलं. आपल्या फोनवरचा नंबर बघून लावतायत ते.

वहिनी : वाजतोय?

भावजी : इथपर्यंत ऐकू येतंय. वाजतोय. अजून वाजतोय.

वहिनी : उचल रे बाबा. उचल.

भावजी : उचलला. कोणीतरी बोललं पलीकडून.

वहिनी : मग हे गप्प का? बोला ना, आजोबा.

भावजी : रडतायत ते, वहिनी.

वहिनी : खुर्ची सरकवा त्यांच्याकडे. हळूच.

भावजी : बोलायला लागले. काय म्हणत असतील?

वहिनी : तो विचारत असेल, कुठे होतात, फोन का बंद होता.

भावजी : वहिनी, आपल्याकडेच बघतायत. बोट दाखवलं आत्ता, खणाकडे. चला, आपण मागच्या खोलीत जाऊ.

वहिनी : नाही. आपलंच सांगतायत ते. सांगू देत. त्यांचं सांगून होईपर्यंत आपण इथेच उभं राहायचं.