इंजिन गार होईपर्यंत

हॅलो?… हॅलो, विजू? मोठ्याने बोल गं, बाजूने कंटेनर चाललेत… थांब, पत्र्याच्या कुंपणाच्या आत येते… हां, बोल आता.

नाही. अजून नाही सांगितलं त्याला… अगं, घेऊ नको म्हणून कसं सांगू, गाडीच बघून झाली नाहीये… हो, सकाळपासून. सकाळपासून मी आणि तुझा भाऊ मोशीच्या पुढे एका यार्डात उभे आहोत आणि एक इंजिन गार व्हायची वाट बघतोय.

इंजिन. गार… हसू नको, इथे माझं डोकं तापलंय.

अगं, झालं काय, आम्ही यायच्या आधीच अजिमभाईंनी ट्रक चालू करून गरम करून ठेवलेला… अजिमभाई म्हणजे यार्डवाले. जुन्या गाड्या घेतात, विकतात. माणूस गोड आहे. मी उतरल्या उतरल्या बोनेटवर हात ठेवला तर चटका. म्हटलं, भाई, इतकी जुनी गाडी, ती गार असताना चालू होते का तेच तर बघायचंय. गरम करून ठेवली तर कुठलीही होईल… तर म्हणतात, वहिनी, पाहुण्यांना ताटकळत ठेवायला नको म्हणून केली. आता त्याच पायी ताटकळतोय. चहावर चहा चाललाय.

हो, हो… अगं ऐक ना. आपलं काय ठरलंय ते आठवतंय मला. मी जायचं, दोष काढायचे आणि निरंजनला गुपचूप घरी आणायचं. कंपनीत मी दुसरं करते काय? आलेला माल तपासायचा, लाल स्टिकर मारायचं, परत पाठवायचा… सापडलेत की. ढिगाने सापडलेत. ऐकतेस?

लोहचुंबक आणलंय पर्समध्ये. दाराला लावलं तर खाली पडलं. म्हणजे पत्रा गेलाय, आत नुसती पुट्टी भरलीय आणि वर चकाचक रंग. केबिनमध्ये पायाखालचा पत्रा एके ठिकाणी असा कुजलाय की खालची जमीन दिसते. टायर प्रत्येक वेगळ्या कंपनीचा. हॉर्न नाही. डावीकडचं दार लागत नाही, खटका झिजलाय, कितीही आपटा, आपलं उघडं ते उघडंच… अगं, सगळं सांगितलं. तोंडावर सांगितलं. काय म्हणाला माहितीये? 'होईल.'

नुसतं 'होईल'. मी एकेक दोष सांगतेय आणि याचा चेहरा फुलतोय, जसं काही मी कौतुकच करतेय.

कागद?… आहेत. आरसी बुक आहे. चेसी नंबरवर कागद धरला, वरून पेन्सिल घासली, आणि बुकाशी ताडून बघितला. जुळतो. कुठे घासलेला नाही, पुन्हा ठोकलेला नाही. माझी खरी भिस्त त्याच्यावरच होती… पासिंग नव्याने करावं लागणार, त्याला किती खेटे पडतील देव जाणे… तेही सांगितलं. 'होईल.'

पार्टचं तर विचारूच नको. मी म्हटलं, बाबा रे, असल्या गाडीचे पार्ट आता कोण बनवतं? तर म्हणतो, भोसरीत राहून हे विचारतेस? आपल्या गल्लीत किती लेथ आहेत ते बघ… आहेतच लेथ. दुपारी डोळा लागू देत नाहीत.

करणार काय म्हणजे?… पावसाळ्यात मावळात फिरायला जाणाऱ्यांच्या गाड्या चिखलात रुततात ना, त्या ओढून काढीन म्हणतो. चारी चाकांना जोर असलेला ट्रकच लागतो म्हणे त्याला… हो, मीसुद्धा अशीच बघत राहिले त्याच्याकडे.

चिडू नकोस गं… नाही, मी त्याच्या बाजूने नाहीये. मी कोणाच्याच बाजूने नाहीये, मला ऊन लागतंय आणि भूक लागलीय… विजू. विजू, ऐक. ओवीचा हात मी विसरलेली नाही. प्लॅस्टर होतं तोवर तुझ्या पोरीच्या वेण्या रोज मी घातल्यात… हो. बसली होती गाडीत त्याच्या शेजारी. पुढचा टँकर कसा मधेच थांबला तेही तुला माहितीये, पोलिसांनीसुद्धा… नाही, बाजू घेत नाहीये. सांगतेय फक्त. तेव्हापासून त्याने स्टिअरिंगला हात लावलेला नाही. कंपनीच्या बसने जातो, बसने येतो. माझ्या स्कूटीवर मागे बसतो, तेही दोन्ही हातांनी कॅरिअर आवळून… हसलीस. हसलीस तू आत्ता.

मग ट्रक कशाला, तेच ना? मलाही कोडंच होतं. दिवाळीपासून मोबाइलवर जुन्या ट्रकचे व्हिडिओ, जेवताना, झोपताना. वाटलं, डोक्यावर परिणाम झाला… आज रिक्षात बोलला. न विचारता बोलला. म्हणाला, स्वरूपा, हा ट्रक पळतच नाही गं. कितीही दाबा, बैलगाडीसारखा चालतो. उंच बसायचं, लांबचं दिसतं, आणि मागचे लोक कंटाळून आपले आपण पुढे निघून जातात… एवढंच म्हणाला. आणि बाहेर बघत बसला.

विजू?… आहेस ना?… हं.

भाव? भाव उतरतच नाहीये. का उतरत नाही ते आत्ता कळलं. सांगते… अगं, मघाशी डबा काढायला पिशवी उघडली, अजिमभाई समोरच बसलेले, आणि डब्याच्या खाली काय? नारळ. चांगला शेंडीवाला. हळदकुंकवाची पुडी, उदबत्ती, काडेपेटीसकट सगळं… मी कशाला आणू? मी मोडता घालायला आलेय ना?… आईंनी. तुझ्या आईने, अगं. सकाळी डबा भरून दिला आणि म्हणाल्या, पोळीभाजी आहे, पिशवी सांभाळून धर… शप्पथ. तुला काय म्हणाल्या होत्या?… तो ट्रक दारात नको, हो ना? मलाही तेच. आणि खाली नारळ. आता तू सांग, पिशवीत नारळ घेऊन कुणी भाव पाडायला जातं का? अजिमभाई गालातल्या गालात हसले. म्हणाले, वहिनी, तुमचं तर घरूनच ठरलंय.

मला नको बोलू, आईशी बोल… कॉलेजात माझा डबा खाल्लास, मग भाऊ गळ्यात मारलास, आता आईसुद्धा माझ्याच…

थांब. बोलावतायत… गार झालं म्हणे. थांब, बघू दे… हो. बोनेट गार आहे. नको, ठेवू नको, लाइनवर राहा. मला एकटीला बघवणार नाही.

तौसिफ बसलाय चालू करायला. अजिमभाईंचा ड्रायव्हर… सेल्फ मारला… नाही लागलं… परत मारला… नाही. अजिमभाई खाली मान घालून उभे आहेत… ऐकलंस? ऐकलंस का? लागलं… अगं, धूर केवढा. काळा आहे. सुरुवातीला थोडा काळा असतो, निळा नको, निळा म्हणजे ऑइल जळतंय… निवळतोय. निवळला. सगळं अंग थरथरतंय त्याचं, पण बंद पडत नाहीये… ट्रकचं गं, निरंजनचं नाही.

मला वाईट वाटलं की बरं वाटलं, खरंच सांगता येत नाहीये.

आता तौसिफ चालवून दाखवेल, मग… एक मिनिट. तो उतरतोय. विजू, तुझा भाऊ चढला… स्टिअरिंगवर. तौसिफ पलीकडून चढत होता, याने हातानेच नको केलं… एकटा आहे. एकटाच… ओरडू नकोस, यार्डातच आहे, रस्त्यावर नाही… कशी अडवू? मधे भंगाराचा ढीग आहे, मी उडी मारू का त्याच्यावरून?

मागे मुरमाचा चढ आहे, त्याच्यावर सैल खडी. मीच म्हटलं होतं, सिमेंटवर फिरवून फोर व्हील कळत नाही, सैल जमिनीत घालून दाखवा. आता मलाच भोवतंय… निघाला. सावकाश चाललाय. चढतोय… चढतोय… नाही. अडकला. मागची चाकं जागच्या जागी फिरतायत, खडी उडतेय… पुढची? पुढची ढिम्म. फोर व्हीलचा दांडा टाकला की त्याने, मी बघितलं. तरी पुढची फिरत नाहीत… म्हणजे पुढचा अॅक्सल गेलाय, विजू. सापडला. हा खरा दोष. याच्यावर 'होईल' नाही म्हणता यायचं. झालं तुझ्या मनासारखं.

आवाजाला काय झालंय? काही नाही झालं… नाही, खूश नाहीये मी. तू आहेस का?… मग.

थांब. दार उघडलं त्याने. उतरला. आता येईल तोंड पाडून… नाही गं. येत नाहीये. पुढच्या चाकापाशी उकिडवा बसलाय. चाकाच्या मधोमध काहीतरी फिरवतोय… अगं बाई. ते राहिलंच. असल्या जुन्या गाडीत पुढची चाकं आधी खाली उतरून हाताने जोडावी लागतात. नुसता आतला दांडा टाकून काही होत नाही. अजिमभाई कपाळाला हात लावतायत, सांगायचं राहिलं म्हणे. गाडी गरम करायचं बरं लक्षात राहिलं, आणि हे…

पलीकडच्या चाकाशी गेला आता. घाई नाही काही. शर्टाला हात पुसले, घरी गेल्यावर बघते शर्टाकडे… चढला… विजू, पुढची फिरली. चारी फिरतायत. निघाला, वर चालला… गेला. वर जाऊन थांबला.

काही नाही करत. बसलाय. काचेतून लांब कुठेतरी बघतोय… काय दिसणार तिथून, चाकणच्या शेड आणि विजेचे टॉवर. पण बघतोय.

नाही, मी बोलतेय ना… बोलतेय गं.

उतरतोय आता. ब्रेक डावीकडे ओढतोय, मला इथून दिसतंय. ते चालायचं नाही. चारी चाकांचे ब्रेक खोलून नवीन केल्याशिवाय ही गाडी गेटच्या बाहेर काढू देणार नाही मी, आणि केल्यावर मी स्वतः तपासणार. हे माझं लाल स्टिकर… हो. म्हणजे… हो, मी काय बोलून गेले ते कळलं मला. नको सांगूस.

माझ्यासमोर आणून उभी केली. वाकून आतून डावं दार ढकलतोय… बस म्हणतोय. मला. आत्ता तौसिफला बसू दिलं नाही त्याने, आणि मला म्हणतोय, बस.

बसते. एका हातात फोन, एका हाताने चढायचं, पायरी पण कमरेएवढी… बसले. उंच आहे गं, खरंच लांबचं दिसतं. दार काही लागत नाही, हाताने धरून बसलेय.

विजू, काहीतरी बोल ना… कोण?… ओवी? तू केव्हापासून ऐकतेस?… स्पीकरवर? पहिल्यापासून? अगं, मग तुझ्या आईने सांगायला नको का… कुठाय आई?… तिथेच बसलीय. बसू दे. बोल बाळा, तू बोल… हो, मामा इथेच आहे. माझ्या शेजारी… काय विचारू?… परत सांग.

बरं. विचारते.

निरंजन, ओवी विचारतेय, खिडकीजवळची जागा तिची का?

… इंजिन बंद केलं… थांब हं, ठेवू नकोस. खाली उतरला. पुढून वळसा घालून माझ्या बाजूला येतोय. मला उतर म्हणतो. आत्ता तर बसले, राव… उतरले.

दार बघतोय. लावलं, ओढलं, उघडलं. परत लावलं, परत ओढलं… ते दार गं, लागत नाही ना, त्याचा खटका. बोट आत घालून चाचपतोय… रडतोय का? नाही… थोडा. तू नको रडू. आईला विचार, तिला पाणी हवंय का.

अजिमभाई आले, नारळ काढा म्हणतायत… आणि हा त्यांना… थांब, मला ऐकू दे… हा म्हणतोय, नारळ नंतर. आधी या बाजूचा खटका नवा बसवून द्या, माझ्यासमोर. मी इथेच उभा आहे. तो बसला की मग फोडू.

… हो, ओवी. म्हणजे तुझीच. ठेवते आता.